स्वतंत्र मार्गाचे स्वातंत्र्य : सर्व्हर व नेटवर्क यांच्या दूरस्थ व्यवस्थापनाची चिकित्सा

प्रस्तावना

दि. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या तिन्ही सेवा जगभर एकाच वेळी बंद पडल्या. आपल्याकडे बहुतेकांना प्रथम आपल्याच मोबाइलचा दोष वाटला. सुमारे सहा तासांनी, म्हणजे पहाटेच्या वेळी, सेवा हळूहळू पूर्ववत झाल्या. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या पायाभूत सुविधांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी घटनेचे कारण सांगणारे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्या निवेदनाच्या मध्यावर एक छोटे वाक्य आहे. नेहमीचा मार्ग बंद होता आणि 'आउट-ऑफ-बँड' मार्गही बंद होता, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावे लागले, असा त्याचा आशय आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय या वाक्यातील दुसरा मार्ग हा आहे. मुख्य मार्ग बंद पडेल तेव्हा उपयोगी पडावा एवढ्यासाठीच जो बांधला जातो, तो नेमका त्याच वेळी का बंद पडतो? आणि जेथे तो चालू राहतो तेथे तो कोणासाठी चालू राहतो? हे दोन प्रश्न वरकरणी तांत्रिक आहेत. तथापि त्यांच्या मुळाशी 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आहे आणि तो संगणकशास्त्राच्या विभागापुरता मर्यादित ठेवता येत नाही. विवेचनासाठी येथे प्रामुख्याने तीन लेखी दस्तऐवज विचारात घेतले आहेत : जनार्दन यांचे निवेदन, कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या २०२२ मधील बिघाडावरील अहवालाचा सारांश आणि सर्व्हरच्या दूरस्थ व्यवस्थापनाचे मूळ मानक असलेले आयपीएमआय.

संकल्पना आणि परिभाषा

सर्व्हर, राउटर, स्विच ही यंत्रे ज्या नेटवर्कमधून लोकांची माहिती वाहून नेतात, त्याच नेटवर्कमधून त्यांना आज्ञा देणे ही व्यवस्थापनाची सर्वांत स्वस्त पद्धत होय. तिचा दोष उघड आहे. आज्ञा चुकली आणि नेटवर्क तुटले, की चूक दुरुस्त करणारी आज्ञाही पोहोचत नाही. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडण्याचा हा प्रकार आहे. म्हणून यंत्राला दुसऱ्या बाजूने पोहोचण्याची सोय केली जाते. राउटरच्या सिरियल कन्सोलला जोडलेली वायर, त्या वायरच्या टोकाला कन्सोल सर्व्हर, आणि तेथून बाहेर जाणारी वेगळी लाइन, हे तिचे जुने व अजूनही विश्वासार्ह रूप आहे. सर्व्हरच्या बाबतीत ही सोय मुख्य फलकावरच बसवलेली असते. त्या फलकावर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि बहुधा स्वतःचे लॅन पोर्ट असते. सर्व्हर 'बंद' असला तरी वीजपुरवठ्याच्या राखीव धारेवर हा संगणक जागा असतो. दूर बसलेला तंत्रज्ञ त्याच्यामार्फत सर्व्हर चालू-बंद करतो, पडद्यावरील मजकूर पाहतो, नवी ऑपरेटिंग सिस्टिमसुद्धा चढवतो. इंग्रजीत याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, संक्षेपाने बीएमसी म्हणतात. महाराष्ट्रात बीएमसी म्हटले की मुंबई महापालिका डोळ्यांसमोर येते; तेव्हा येथे 'नियंत्रक' एवढाच शब्द वापरला आहे.

'आउट-ऑफ-बँड' या संज्ञेला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. 'वाहिनी' हा शब्द दूरचित्रवाणीने अडवून ठेवला आहे. 'स्वतंत्र मार्ग' हा शब्दप्रयोग या लेखात स्वीकारला आहे. मात्र यातील 'स्वतंत्र' हे विशेषण सिद्ध झालेले नसून ते तपासायचे आहे, हे लक्षात ठेवावे लागेल. कल्पना आपल्याला अपरिचित नाही. रायगडावर महादरवाज्याखेरीज तटात एक चोरदिंडी आहे. महादरवाज्यावर शत्रू असताना बाहेर पडता यावे, हा अशा दिंडीचा हेतू. अशी वाट वेगळ्या उतारावर निघत असेल तरच तिला अर्थ असतो, आणि शत्रूला तिचा पत्ता लागला तर ती नसलेली बरी. पुढील सर्व विवेचन या दोन अटींभोवती फिरते. आधुनिक उदाहरण हवे असेल तर रेल्वेचे घेता येईल. गाड्यांचे नियमन करणाऱ्या सेक्शन कंट्रोलरला स्थानकांशी जोडणारी नियंत्रण-लाइन रेल्वेने सार्वजनिक टेलिफोनवर सोपवलेली नाही.

या तंत्राला दिलेल्या व्यापारी नावांकडेही पाहायला हवे. सन कंपनीने त्याला 'लाइट्स आउट मॅनेजमेंट' म्हटले. एचपीच्या नियंत्रकाचे नाव 'इंटिग्रेटेड लाइट्स-आउट' असे आहे. खोलीत माणूस लागणारच नाही, तेव्हा दिवे मालवायला हरकत नाही, असा त्यातला भाव आहे. दूरस्थ व्यवस्थापनाचे मूळ स्वप्न हे माणसाच्या अनुपस्थितीचे स्वप्न आहे. ऑक्टोबर २०२१ च्या त्या रात्री दिवे पुन्हा लावावे लागले.

टेलिफोनचा पूर्वेतिहास

आज्ञा आणि आशय एकाच मार्गाने जाऊ देण्याचे परिणाम टेलिफोनने संगणकाच्या आधी भोगले. अमेरिकेतील दूर पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर २६०० हर्ट्झचा स्वर ऐकू आला की ती लाइन मोकळी आहे असे एक्स्चेंज समजत असे. हा स्वर बोलण्याच्याच तारेतून जात असल्याने तो कोणालाही काढता येत होता, आणि १९६० च्या दशकात तो काढणारे निघाले. शिट्टीने, तसेच 'ब्लू बॉक्स' नावाच्या छोट्या यंत्राने फुकट फोन करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. उपाय म्हणून एटी अँड टी कंपनीने १९७६ पासून संकेतांसाठी बोलण्यापासून वेगळे जाळे सुरू केले. पुढे हाच विचार 'सिग्नलिंग सिस्टिम ७' या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला.

इतिहास येथे संपला असता तर स्वतंत्र मार्गाचा तो निर्विवाद विजय ठरला असता. परंतु या नव्या जाळ्यात शिरलेला प्रत्येक जण विश्वासार्ह आहे, असे गृहीत धरलेले होते. सदस्य मूठभर टेलिफोन कंपन्या असताना ते चालून गेले. सदस्यसंख्या वाढली तसे ते गृहीतक पोकळ होत गेले. २०१४ मध्ये जर्मनीतील एका परिषदेत संशोधकांनी याच संकेत-जाळ्याचा उपयोग करून मोबाइलधारकाचा ठावठिकाणा काढता येतो, संभाषण वळवता येते, हे दाखवून दिले. वेगळेपणामुळे एक धोका टळला. त्याच वेगळेपणामुळे आत तपासणीची गरज नाही अशी समजूत निर्माण झाली, आणि सर्व्हरच्या नियंत्रकाच्या बाबतीत तीच समजूत पुन्हा दिसते.

जनार्दन यांचे निवेदन : एका वाक्याची वाट

फेसबुकच्या निवेदनाचे मोठेपण प्रथम मान्य केले पाहिजे. एवढ्या मोठ्या कंपनीने दुसऱ्याच दिवशी, बहुतांशी सरळ भाषेत, स्वतःच्या चुकीचा क्रम सांगावा हे नेहमी घडत नाही. तो क्रम असा : नित्याच्या देखभालीत, डेटा सेंटरांना जोडणाऱ्या कण्याची क्षमता तपासण्यासाठी एक आज्ञा दिली गेली, तिने कण्याच्या सर्व जोडण्या तोडल्या. अशा आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणी-साधन होते. त्यातच दोष असल्याने आज्ञा पुढे गेली. कणा तुटल्यावर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी, आपण डेटा सेंटरशी बोलू शकत नाही म्हणजे आपणच आजारी आहोत, असा नियमानुसार निष्कर्ष काढला आणि इंटरनेटला दिलेले आपले मार्ग मागे घेतले. सर्व्हर चालू होते. त्यांचा पत्ता मात्र जगाला सापडत नव्हता. कंपनीची अंतर्गत साधनेही त्याच डीएनएसवर चालत असल्याने बिघाड शोधण्याची अवजारेच हातची गेली.

एवढ्या तपशिलाने लिहिणारे हे निवेदन स्वतंत्र मार्गापाशी येताच अबोल होते. तो बंद होता, एवढेच सांगून लेखक पुढे जातो. का बंद होता? तो त्याच कण्यावरून जात होता काय? त्यात प्रवेश देणारी ओळख-तपासणी मृत डीएनएसवर अवलंबून होती काय? निवेदनात याचे उत्तर नाही. वाचकाच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न आहे, कारण चुकीची आज्ञा कोणाच्याही हातून जाऊ शकते. तिच्यावरील उतारा मात्र आधीच ठरवलेला होता. निवेदनाची सर्व वाक्ये चुकीवर प्रकाश टाकतात आणि उताऱ्याला अंधारात ठेवतात.

पुढचा भाग अधिक वादग्रस्त आहे. अभियंते डेटा सेंटरवर पोहोचले, पण आत जायला वेळ लागला. आत गेल्यावरही यंत्रांत बदल करायला वेळ लागला. प्रत्यक्ष हाताशी आलेल्या माणसालाही यंत्र सहज बदलता येऊ नये अशीच त्यांची रचना होती. जनार्दन यांचे म्हणणे असे की, रोजच्या सुरक्षिततेसाठी ही किंमत योग्य आहे. असा बिघाड क्वचितच होणार. हा युक्तिवाद फेटाळून लावण्यासारखा नाही. पण तो अपुरा आहे. कुलूप मजबूत असणे आणि किल्ली त्याच घरात अडकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दार मजबूत असल्यामुळे उशीर झाला हे खरे मानले, तरी दारापर्यंत जावे लागले ते स्वतंत्र मार्ग बंद होता म्हणून. निवेदन दुसऱ्याची जबाबदारी पहिल्याच्या खात्यावर टाकते. शिवाय ही देवघेव ज्यांच्या वतीने मान्य केली, त्या साडेतीन अब्जांच्या आसपासच्या वापरकर्त्यांचा त्या निर्णयात काहीही वाटा नव्हता.

रॉजर्स : अहवालाची भाषा

फेसबुकने जे सांगितले नाही ते कॅनडाच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. ८ जुलै २०२२ रोजी पहाटे पावणेपाचच्या सुमारास रॉजर्सचे नेटवर्क देशभर कोसळले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांचा मोबाइल, इंटरनेट व घरचा फोन बंद झाला. 'इंटरॅक' ही डेबिट व्यवहारांची सेवा थांबल्याने दुकानांतून रोख रकमेची मागणी सुरू झाली. सर्वांत गंभीर बाब म्हणजे ९-१-१ हा आणीबाणीचा क्रमांक अनेकांना लागेना. मनोऱ्यांची रेडिओ-यंत्रणा चालूच राहिली होती, त्यामुळे फोनला आपले नेटवर्क आहे असेच वाटत राहिले आणि तो दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्याकडे वळला नाही. यंत्र पूर्ण मेले असते तर फोन लागला असता, ते अर्धवट जिवंत राहिल्यामुळे लागला नाही.

कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने या घटनेचे स्वतंत्र परीक्षण झोना पार्टनर्स या सल्लागार संस्थेकडून करून घेतले. त्याचा सारांश जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आयपी गाभ्याचे नूतनीकरण सात टप्प्यांत चालले होते व सहाव्या टप्प्यात वितरण-राउटरांवरील एक गाळणी काढली गेली. ती गेल्यावर मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्याच्या राउटरांवर आदळला आणि ते कोलमडले. सुरुवातीला या कामाची जोखीम 'उच्च' ठरवलेली होती. आधीचे टप्पे निर्विघ्न पार पडल्यामुळे पुढे ती 'कमी' ठरली. पाच वेळा नदी उतरलो म्हणून सहाव्या वेळी खोली मोजायची नाही, असा हा हिशेब आहे.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतर येतो. रॉजर्सचे व्यवस्थापन-नेटवर्क त्याच आयपी गाभ्यावर अवलंबून होते. गाभा गेला तेव्हा राउटरांपर्यंत पोहोचण्याची वाट गेली. त्यांच्यातील त्रुटींच्या नोंदीही दिसेनाशा झाल्या. मूळ कारण निश्चित व्हायला सुमारे चौदा तास लागले. बदल कोणता केला हे कंपनीला माहीत होते. तोच कारणीभूत आहे हे पाहण्यासाठी डोळे नव्हते. कर्मचाऱ्यांचे मोबाइल व इंटरनेटही रॉजर्सचेच असल्याने त्यांना एकमेकांशी बोलता येईना. शेवटी दूरच्या ठिकाणी प्रतिस्पर्धी कंपन्यांची सिमकार्डे पोहोचवावी लागली.

सारांशाची भाषा संयत आहे, कोठेही आरोपाचा सूर नाही. तिचे बळ तिच्या क्रमात आहे. गाळणी, जोखमीचे वर्गीकरण, व्यवस्थापन-नेटवर्क, सिमकार्ड या गोष्टी एकापाठोपाठ ठेवल्या की वाचकाला आपोआप दिसते की बिघाडाचे कारण आणि बिघाडाची लांबी ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिले प्रकरण एका आज्ञेचे आहे. दुसरे अनेक वर्षांच्या रचनेचे आहे. फेसबुकच्या निवेदनात ही दोन प्रकरणे एकमेकांत मिसळलेली आहेत. अर्थात एक दस्तऐवज बिघडवणाऱ्याने एका दिवसात लिहिला, दुसरा त्रयस्थाने दीड-दोन वर्षांनी. तुलना करताना एवढे भान ठेवले पाहिजे. तरीही सारांशात एक उणीव राहते. वेगळे व्यवस्थापन-नेटवर्क हवे ही गोष्ट दूरसंचार अभियांत्रिकीत नवी नाही. मग एवढ्या अनुभवी कंपनीत ते का नव्हते, या प्रश्नाच्या आर्थिक बाजूला सारांश फारसा हात घालत नाही. वेगळ्या मार्गासाठी वेगळ्या वायरी, वेगळे स्विच, वेगळ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या लाइन लागतात. त्यांच्यावर दरमहा खर्च होतो आणि दरमहा उत्पन्न शून्य असते. शिवाय दूरसंचार कंपनीला खरा स्वतंत्र मार्ग हवा असेल तर तो प्रतिस्पर्ध्याकडून विकत घ्यावा लागतो. ताळेबंदात आणि अभिमानात दोन्हीकडे हे बसणे अवघड असते.

एकाच गाभ्याचे जग

वरील दोन्ही उदाहरणांत वैयक्तिक हलगर्जीपणा शोधणे सोपे आहे. पण त्याने समाधान होत नाही. १९९० च्या दशकात अनेक राउटरांच्या मागे मोडेम व साधी टेलिफोन लाइन जोडलेली असे. तिचा वेग हास्यास्पद होता. पण तिचे स्वातंत्र्य खरे होते. टेलिफोन हे वेगळ्या तत्त्वावर, वेगळ्या स्विचवर, एक्स्चेंजच्या स्वतःच्या बॅटऱ्यांवर चालणारे जाळे होते. घरात वीज नसतानाही फोनचा 'डायल टोन' ऐकू येत असे, हे मध्यमवयीन वाचकाला आठवत असेल. इंटरनेट कोसळले तरी टेलिफोन कोसळण्याचे कारण नव्हते.

पुढील काळात आवाज, चित्र, पैसा, संदेश सर्व एकाच आयपी जाळ्यावर आले. हे एकत्रीकरण स्वस्त व कार्यक्षम होते आणि त्याचे फायदे सर्वांनी घेतले. त्यात एक तोटा गुपचूप झाला : दुसरे जाळेच उरले नाही. 'स्वतंत्र मार्ग' हे नाव आराखड्यावर तसेच राहिले. त्याखालची जमीन मात्र मुख्य मार्गाच्या जमिनीत विलीन झाली. रॉजर्समध्ये मोबाइल व घरगुती सेवा यांचा गाभा एकच होता. ऑस्ट्रेलियातील ऑप्टस कंपनीच्या ८ नोव्हेंबर २०२३ च्या बिघाडात सुमारे नव्वद राउटरांनी ठरावीक मर्यादा ओलांडली जाताच सुरक्षेसाठी स्वतःला जाळ्यापासून तोडून घेतले. सुमारे एक कोटी लोकांची सेवा गेली आणि काही ठिकाणी माणसे पाठवून यंत्रे पुन्हा जोडावी किंवा सुरू करावी लागली. रॉजर्सच्या घटनेनंतर सोळा महिन्यांनी हे घडले.

यावरून स्वातंत्र्य ही होय-नाहीची बाब नाही हे लक्षात येते. वायर वेगळी असूनही वीज एकच असू शकते. वीज वेगळी असली तरी नावाचा पत्ता सांगणारी डीएनएस एकच असते, किंवा पासवर्ड तपासणारा सर्व्हर मुख्य नेटवर्कच्या पलीकडे असतो. हे सर्व वेगळे केले आणि आणीबाणीत बोलावायच्या अभियंत्याचा दूरध्वनी क्रमांक मात्र बंद पडलेल्या अंतर्गत संकेतस्थळावर असला, तर दिंडीची किल्ली महादरवाज्यातच टांगलेली आहे असे म्हणावे लागेल. कागदावरील आराखडा यातले फारसे काही दाखवत नाही. मुख्य मार्ग हेतुपुरस्सर बंद करून पाहणे, ही एकच परीक्षा खात्रीची आहे. तिला धैर्य लागते. जनार्दन यांच्या निवेदनात फेसबुक अशा तालमी घेते असे म्हटले आहे. संपूर्ण कणा एकाच वेळी गेला असे धरून तालीम कधी घेतली नव्हती, हेही त्यात प्रांजळपणे नमूद आहे.

दिंडी उघडी राहिली तर

आता दुसरी अट. मार्ग खरोखर स्वतंत्र असला आणि बिघाडातही चालू राहिला, तर तो कोणासाठी?

आयपीएमआय हे मानक १९९८ मध्ये इंटेलच्या पुढाकाराने एचपी, डेल व एनईसी यांनी मिळून आणले. त्याची दुसरी आवृत्ती २००४ ची. निरनिराळ्या उत्पादकांच्या सर्व्हरांना एकाच भाषेत आज्ञा देता याव्यात ही गरज त्याने भागवली आणि त्याबद्दल त्याचे श्रेय मान्य करावे लागेल. परंतु मजकूर म्हणून ते वाचले तर त्यातील बारकावा तापमान, पंखे, व्होल्टेज यांच्या नोंदींवर खर्च झालेला दिसतो. परका माणूस दारात उभा आहे ही कल्पना त्याला फारशी सुचलेली दिसत नाही. डॅन फार्मर या सुरक्षा-संशोधकाने २०१३ मध्ये दाखवून दिलेली गोष्ट याची साक्ष देते. दुसऱ्या आवृत्तीतील ओळख पटवण्याच्या पद्धतीत, समोरच्याची ओळख पटण्यापूर्वीच नियंत्रक त्याला पासवर्डपासून तयार केलेला सांकेतिक ठसा पाठवून देतो. तो घरी नेऊन सावकाश फोडता येतो. हा कोणा एका उत्पादकाचा दोष नाही. मानकाचे पालन केले की हा दोष येतोच. त्याच पद्धतीमुळे नियंत्रकाला पासवर्ड पुन्हा वाचता येईल अशा रूपात साठवावा लागतो. काही यंत्रांत 'शून्य' क्रमांकाची सांकेतिक पद्धत निवडली की पासवर्डचीच गरज उरत नसे.

मानकाच्या कर्त्यांना दोष देताना त्यांचे गृहीतक समजून घेतले पाहिजे. हा मार्ग वेगळा आहे, त्यावर आपल्याच माणसांचा वावर आहे, असे त्यांनी धरले होते. टेलिफोनच्या संकेत-जाळ्याच्या कर्त्यांनीही तेच धरले होते. पुढे आलेल्या रेडफिश या मानकाने, ज्याची पहिली आवृत्ती २०१५ ची आहे, वेबच्या परिचित पद्धती स्वीकारून बरीच सुधारणा केली आणि आयपीएमआयमध्ये पुढे भर घालणे थांबले. दोष मात्र थांबले नाहीत. एचपीच्या नियंत्रकातील, २०१७ मध्ये दुरुस्त झालेला एक दोष असा होता की विनंतीच्या एका रकान्यात 'ए' हे अक्षर एकोणतीस वेळा लिहिले की पासवर्डची तपासणी टळत असे. मार्च २०२५ मध्ये उजेडात आलेला एएमआय कंपनीच्या नियंत्रक-सॉफ्टवेअरमधील दोष रेडफिशच्याच दारातून आत नेणारा होता, आणि त्याला तीव्रतेचे कमाल, म्हणजे दहापैकी दहा गुण मिळाले. हे सॉफ्टवेअर अनेक उत्पादक आपल्या नावाच्या सर्व्हरांत घालतात. त्यामुळे आपल्या यंत्रात ते आहे की नाही हे मालकालाही सहज कळत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने, प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या दोषांच्या आपल्या यादीत त्याची नोंद केली.

अशा नियंत्रकात शिरलेला माणूस ऑपरेटिंग सिस्टिमच्या खाली असतो. अँटिव्हायरसला तो दिसत नाही. डिस्क बदलली, सिस्टिम पुन्हा चढवली, तरी तो जात नाही. डिसेंबर २०२१ मध्ये एका इराणी सुरक्षा-कंपनीने वर्णन केलेले 'आयलोब्लीड' हे घातक सॉफ्टवेअर एचपीच्या नियंत्रकात राहून डिस्क पुसत असे आणि नियंत्रकाचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याचा प्रयत्न झाला तर ते झाल्याचा देखावा करत असे. दुरुस्तीसाठी दिलेला संपूर्ण अधिकार हाच येथे हानीचा संपूर्ण अधिकार होतो. अधिकार कमी करावा तर आणीबाणीत मार्ग निरुपयोगी ठरतो. जून २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने आपल्या नागरी खात्यांना, व्यवस्थापनाचे कोणतेही दार इंटरनेटवर उघडे आढळल्यास चौदा दिवसांत ते काढावे अथवा कडक तपासणीच्या मागे ठेवावे, असा आदेश दिला. असा आदेश काढावा लागला, यावरूनच वेगळ्या म्हणवल्या जाणाऱ्या मार्गाची प्रत्यक्ष स्थिती कळते.

आपल्याकडील संदर्भ

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. २००० नंतरच्या दशकात भारतीय माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांनी परदेशी ग्राहकांची यंत्रणा दुरून सांभाळण्याचा मोठा व्यवसाय उभा केला. पुणे व नवी मुंबई येथील कार्यालयांत रात्रपाळीला बसून सातासमुद्रापलीकडचे सर्व्हर सुरू करणारी तरुण पिढी याच मार्गाचा वापर करत आली आहे. त्यांनी ते यंत्र कधी पाहिलेले नसते. या श्रमाचा अभ्यास कॉल सेंटरच्या श्रमाइतका झालेला नाही, आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी तिकडे वळायला हरकत नाही. आज देशातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे केंद्र मुंबई व परिसरात आहे.

महाविद्यालयेही यातून सुटलेली नाहीत. प्रवेशप्रक्रिया, ग्रंथालय, परीक्षा-विभाग यांसाठी विकत घेतलेल्या सर्व्हरच्या मागे बहुधा एक जास्तीचे लॅन पोर्ट असते. ते कशासाठी आहे हे खरेदी-समितीला कोणी सांगितलेले नसते; दरपत्रकात ते एका ओळीत येऊन गेलेले असते. वापरात नाही म्हणून ते मोकळे ठेवले जाते. काही उत्पादकांच्या यंत्रांत मूळ मांडणी अशी असते की, या पोर्टला वायर आढळली नाही तर नियंत्रक आपण होऊन मुख्य लॅन पोर्टवर येतो आणि प्रयोगशाळेतील इतर संगणकांप्रमाणेच नेटवर्ककडून एक पत्ता मागून घेतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नसेल तर तो तसाच असतो. त्या क्षणापासून सर्व्हरचा स्वतंत्र मार्ग विद्यार्थ्यांच्या नेटवर्कमधून जाऊ लागतो; मागचे पोर्ट मात्र रिकामेच दिसत राहते.